‘चांगली’ नंतरचं टिंब

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही माझ्या पैशांची आहे. शाळेच्या कपाटातली नाही. हे आधीच लिहून ठेवतो, उद्या कुणी बोट दाखवायला नको.

मोठे सर आज केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “भाऊसाहेब, नव्या बाईंवर जरा लक्ष ठेवा.” का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खाली मान घालून चालणाऱ्याला ठेच लागत नाही, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो. पण लक्ष ठेवायचं म्हणजे नोंद हवी. तोंडी कामाला माझा विरोध आहे.

बाई तीन आठवड्यांपूर्वी आल्या. इतिहासाचे मास्तर पाठीच्या दुखण्यानं रजेवर गेले, त्यांच्या जागी हंगामी. पोरांनी नाव ठेवलंय ‘का-बाई’. कारण त्या दर वाक्यानंतर वर्गाला विचारतात, “का?” घंटा वाजली, का? रांग लावली, का? अहो, घंटा वाजली कारण शिपायानं वाजवली! यात शिकवण्यासारखं काय आहे?

कुठेतरी पाणी मुरतंय.

आता दाखल्यांच्या कामाला लवकर हात घालावा लागेल. मार्चात शेवटच्या वर्गाचे शाळा सोडल्याचे दाखले. ‘वर्तणूक’ या रकान्यात काय लिहायचं त्याची यादी मोठे सर स्वतः देतात. सगळ्यांपुढे ‘चांगली’. काहींच्या पुढे ‘चांगली’ नंतर टिंब, काहींच्या पुढे नाही. मी जसंच्या तसं उतरवतो. एकतीस वर्षांत टिंबसुद्धा चुकलेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

का-बाईंच्या पिशवीतून एक जाड पुस्तक डोकावत होतं. वर दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. मी सहज विचारलं, “आजोबा का?” हसल्या. म्हणाल्या, “तसे सगळ्यांचेच.”

सगळ्यांचे आजोबा! माझे आजोबा गुळगुळीत दाढी करायचे. नोंद केली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घरी बिट्टीनं जेवताना विचारलं, “बाबा, आधी कारखान्याचा भोंगा होतो की आधी शाळेची घंटा?”

म्हटलं, “भोंगा सातला. घंटा सात-पाचला.”

“का?”

म्हटलं, हे का-का घरात चालणार नाही. कावळे आहेत तेवढे पुरेत. बिट्टी ताटाशेजारी बोटानं दाराच्या बिजागरीचं चित्र काढायला लागली. हे तिचं लहानपणापासूनचं. जे दिसेल त्याचा नकाशा. यंदा तिचा शेवटचा वर्ग. कारखाना दरवर्षी आपल्या शाळेतली काही मुलं नकाशाखान्यात, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढतात तिथे, शिकायला घेतो, सगळा खर्च त्यांचा. बिट्टीच्या डोक्यात दुसरं काही नाही. माझ्याही नाही. बापानं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले लिहिले, एक तरी आपल्या पोरीच्या कामी यावा.

नजर तिनं आईची घेतलीय. ही कपाटाकडे नुसतं बघून सांगते, दारातून आत जाईल की अडकेल. टेलरसुद्धा हिला माप विचारतो. पण शाळेत गणितात कच्ची होती म्हणे. लग्नाआधी कारखान्याच्या शेडमध्ये पॅकिंगला होती. त्या दिवसांबद्दल ही बोलत नाही. विचारलं की भांडी आपटते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उलगडा झाला! मोठे सर हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, ती मार्क्सवादी आहे.”

मी मान डोलावली आणि दिवसभर विचार केला. मार्क्सवादी म्हणजे मार्कांच्या मागे लागलेली. पण ही बाई तर मार्कच देत नाही! पोरांच्या वह्यांत आकडा नाही, नुसते प्रश्न लिहून ठेवलेले. म्हणजे दाखवायचे दात वेगळे. मार्क साठवून ठेवते की काय? शेवटी एकदम कुणाकुणाला देणार असेल. पेपर फोडण्याचा प्रकार असू शकतो.

हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही फक्त लक्ष ठेवा. अर्थ लावू नका.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज मोठं घबाड हाती लागलं.

का-बाईंनी शेवटच्या वर्गाला निबंध घातला होता, ‘शाळा कशासाठी?’ गठ्ठा स्टाफरूमच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे असतेच, त्यात चोरी नाही. मधल्या सुट्टीत काढून वाचले. आणि बाईंची लबाडी बघा! वर सूचना: प्रत्येकानं शेजाऱ्याचा निबंध आपल्या अक्षरात उतरवून द्यायचा, नाव घालायचं नाही. म्हणजे अक्षर एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा. मी शाळेतल्या प्रत्येक पोराचं अक्षर ओळखतो हे हिला कुणी सांगितलं? घरभेदी आहे कुणीतरी.

सगळ्यात विषारी निबंध बेकरीवाल्याच्या पोराच्या अक्षरात आहे (त्याचा र नेहमी आडवा पडतो). मजकूर त्याचा नाही, त्याला दोन ओळी सरळ येत नाहीत. इथे उतरवून ठेवतो:

“भोंगा सातला होतो आणि घंटा सात-पाचला. म्हणजे मोठ्यांना आत घेऊन झालं की मग लहानांना आत घेतात. दोन्हीकडे रांग, दोन्हीकडे हजेरी, दोन्हीकडे पाणी प्यायला जायचं तर हात वर करावा लागतो. धडे आपण विसरतो, पण हात वर करायचं विसरत नाही. तोच खरा धडा असेल. जो मागे पडतो त्याला वाटतं, आपण ढ. त्याला कुणी सांगत नाही की शेडला माणसं लागतात. सगळेच हुशार ठरले तर शेडमध्ये कोण जाईल? आमच्या घरी सांगतात, खाली मान घालून चालणाऱ्याला ठेच लागत नाही. पण खाली मान घालून चालणाऱ्याला आपण कुठे चाललोय तेही दिसत नाही.”

हे पोराचं डोकं नव्हे, बाईंनी घातलेलं खूळ आहे. त्यातलं ठेचेचं वाक्य तेवढं लाख मोलाचं. कुठल्यातरी समंजस घरातलं दिसतंय. अशा घरात असं कार्टं निपजावं, काय म्हणावं!

निबंध तसाच मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सरांनी निबंध माझ्यासमोर वाचला. ठेचेच्या वाक्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे, पुन्हा माझ्याकडे. मग हसले. “कुणाचा आहे ते शोधू का?” मी विचारलं. म्हणाले, “नको, त्रास घेऊ नका. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा चाललीय, भाऊसाहेब.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक. घरी सांगितलं. बिट्टीनं विचारलं, “कसलं कौतुक?” म्हटलं, “ऑफिसचं आहे, तुला काय करायचंय?” तिचा चेहरा उतरलेला वाटला. परीक्षेची धास्ती असेल.

सोमवार, ३ मार्च

का-बाई ऑफिसात. “भाऊसाहेब, मागच्या दाखल्यांच्या स्थळप्रती बघायला मिळतील का?”

“कशाला?”

“कोण कुठे गेलं ते बघायचंय. या शाळेतून कोण नकाशाखान्यात गेलं, कोण शेडमध्ये. आणि का.”

आला का! मी म्हटलं, मोठ्या सरांचं पत्र आणा. म्हणाल्या, “सर देणार नाहीत.” मग मी तरी का द्यावं? स्थळप्रती, म्हणजे दाखल्यांच्या शाळेत ठेवलेल्या नकला, हे माझं आयुष्य आहे, दर वर्षाचं एक पुस्तक, कापडी पाठीचं, मी स्वतः शिवलेलं. वाचनालय नव्हे.

जाताना बाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतः कधी सलग वाचलीत?”

खोचक बाई. कुणी आपणच लिहिलेलं वाचत बसतं का?

रविवार, ९ मार्च

वाचत बसलो.

सुट्टीचा दिवस, शाळेत चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, हिला नेमकं काय हवंय ते आपल्याला आधी कळलेलं बरं. खिडकीशी टेबल ओढून पुस्तकं काढली.

शाळेचं घड्याळ बंद पडायचं तेव्हा एक मुलगा टाचणीनं चालू करून द्यायचा. सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे. त्याच्यापुढे ‘चांगली’ आणि टिंब. तो शेडमध्ये पेट्या उचलतो, पाठ वाकलीय. पुरवठा अधिकाऱ्याचा मुलगा, ज्याला मी स्वतः तीनदा अर्ज लिहायला शिकवला, त्याच्यापुढे ‘चांगली’, टिंब नाही. नकाशाखान्यात साहेब आहे. लोहाराच्या दोन मुली, दोघींना टिंब, दोघी शेडमध्ये. फोरमनचा पुतण्या, टिंब नाही.

पुस्तकामागून पुस्तक. जो जो आठवला, तो तो तसाच.

माझ्याच हातचं टिंब. गोल, नीट, टोकाचा दाब सारखा. मला वाटायचं, सरांच्या लिहिण्याची लकब आहे. कधी वाक्य संपवतात, कधी नाही.

शंकेची पाल चुकचुकली आणि या वेळी बाईंवर नाही.

सोमवार, १० मार्च

दोन कामं झाली. सकाळी का-बाईंचं मुक्ततेचं पत्र टाइप केलं. ‘आपल्या सेवेची आवश्यकता नसल्यामुळे’, बावीस तारखेपासून. कारण विचारलं नाही. मी नेऊन दिलेल्या निबंधाचंच असणार. टाइप करताना बोटं जड झाली होती, ती जुन्या मशीनमुळे.

दुपारी घड्याळ्याकडे गेलो. घड्याळ्या म्हणजे कारखान्याच्या गेटवर वेळ टिपणारा, माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या शाळेचे दाखले तोच नेऊन कारखान्यात देतो. विचारलं, “दाखल्यावर टिंब असलं तर तुमच्याकडे काय करतात?”

तो चहा पिता पिता ठसकला, मग हसत सुटला. “तू मला विचारतोयस? अरे, टिंब म्हणजे शेड! टिंब नाही म्हणजे पुढच्या खोलीत पाठव, चाचणी घे. टिंबवाल्याला खुर्चीसुद्धा देत नाहीत. तुला खरंच माहीत नव्हतं? तीस वर्षं तूच ठेवतोयस की रे!”

“मी फक्त उतरवतो.”

“मग मीही फक्त पोचवतो,” तो म्हणाला. आणि हसायचा थांबला.

गुरुवार, १३ मार्च

यादी आली. त्रेचाळीस नावं. बिट्टीचं एकोणिसावं.

चांगली.

पाच वेळा बघितलं. माशीची घाण असेल म्हणून नखानं खरवडलं. शाई होती.

केबिनमध्ये गेलो. म्हटलं, “सर, एका नावापुढे चुकून टिंब पडलंय.”

“कुणाच्या?”

“माझ्या बिट्टीच्या.”

सरांनी खणातून निबंध काढला. आडव्या र चा. ठेचेच्या वाक्यावर बोट ठेवलं. “ही ठेच कुणाच्या घरची, भाऊसाहेब? मी तर ऑफिसात दिवसातून चारदा ऐकतो.”

अरे देवा! भोंगा आणि घंटा. तिनं मला विचारलं होतं. ताटावर बसून, माझ्या तोंडावर विचारलं होतं.

म्हटलं, “सर, पोर आहे. तिची वर्तणूक…”

“वर्तणुकीचा काय संबंध? पोरं सगळी चांगलीच आहेत. म्हणून तर सगळ्यांपुढे चांगली लिहितो. कारखान्याचं पत्र आहे, शेडला यंदा सतरा हवेत. सोळा आपसूक झाले होते. सतरावं कुणाचं घालू या विवंचनेत होतो, तेवढ्यात तुम्हीच कागद आणून दिलात.”

मी हात जोडले. लिहायला लाज वाटते, पण जोडले. सर म्हणाले, “बरं. तुमची सेवा बघून करतो. दुसरं नाव तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल त्याच्यापुढे टिंब हलवतो. उद्या सकाळपर्यंत.”

शुक्रवार, १४ मार्च

काल घरी जाऊन यादी पुढ्यात घेतली. टिंब नसलेली सव्वीस नावं. बेकरीवाल्याच्या पोराशी पेन्सिल थांबली. त्याला तरी नकाशाखान्यात काय कळणार आहे? र सुद्धा उभा राहत नाही. बाप भला माणूस, पाव रोज ताजा देतो. पेन्सिल उचलली. पुन्हा ठेवली.

ही दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. सगळं सांगितलं. हिनं पेटी उघडली, तळातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. हिचा दाखला. आमच्याच शाळेचा. माझ्या आधीच्या कारकुनाचं अक्षर.

वर्तणूक: चांगली.

“मला सगळ्यांनी सांगितलं, तुला गणित येत नाही म्हणून शेड,” ही म्हणाली. “मलाही तेच खरं वाटलं. आजपर्यंत वाटत होतं.” मग यादीकडे बघून म्हणाली, “सांगा की एखाद्याचं नाव. एवढी वर्षं न विचारता लिहिलीत, हे एक विचारून लिहा.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. दांड्याला कुणी विचारत नाही हे खरं. पण दांड्यानंही कधी विचारलं नाही.

आज सकाळी सरांना म्हटलं, “नाव सुचत नाही. यादी आहे तशी राहू द्या.” सर म्हणाले, “शहाणे आहात.”

सोमवार, १७ मार्च

तीन दिवसांत त्रेचाळीस दाखले लिहिले. एकही खाडाखोड नाही. बिट्टीचाही लिहिला. टिंबसुद्धा ठेवलं, गोलच आलं. हाताला सवयच तशी आहे.

सरांनी एकेक तपासून सह्या केल्या. शिक्के मारले. मग गठ्ठा माझ्याकडे, पाकिटात घालायला.

दाखल्याचा एक नियम मला झोपेतसुद्धा पाठ आहे: खाडाखोड केलेला दाखला रद्द समजावा. टिंब पुसता येत नाही. पण घालायला कुठे बंदी आहे?

दार लावलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, कारकून दाखल्यावर लिहितोय एवढंच कुणालाही दिसलं असतं. तेच पेन, तीच शाई. सव्वीस टिंबं. बेकरीवाल्याच्या पोराला एक. फोरमनच्या भाचीला एक. कारखान्याच्या मॅनेजरच्या पुतण्याला जरा ठसठशीत.

घड्याळ्यानं पाकीट नेताना विचारलं, “एवढा घाम का?”

“उकडतंय,” म्हटलं.

शनिवार, २२ मार्च

गेले तीन दिवस लिहायला हात गेला नाही. आता थोडक्यात.

बुधवारी कारखान्यातून फोन. मोठ्या सरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. मला आत बोलावलं. “त्रेचाळीसच्या त्रेचाळीस? मॅनेजरच्या पुतण्यालाही?”

“चूक झाली, सर. एकतीस वर्षांत पहिलीच.”

“नवे दाखले लिहा!”

“सर, मूळ दाखला गहाळ झाल्याशिवाय दुसरा देता येत नाही. आपलाच नियम आहे. गहाळ तर झालेले नाहीत, कारखान्यात आहेत.”

सर्वांपुढे टिंब म्हणजे कुणापुढेच नाही. मॅनेजरच्या पुतण्याला शेडमध्ये घालता येत नाही, म्हणून सोमवारी त्रेचाळीस जणांना पुढच्या खोलीत बोलावलंय. सगळ्यांची चाचणी. सगळ्यांना खुर्ची. एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी टिंबाऐवजी दुसरं काही शोधतील, आणि ते उतरवायला दुसरा कारकून. माझी चौकशी व्हायची आहे, तोवर घरी बसायचंय. किल्ल्या जमा केल्या. पोच घेतली.

किल्ल्या जमा करण्याआधी मात्र स्थळप्रतींची पुस्तकं दोन पिशव्यांत भरली. आज दुपारच्या गाडीनं का-बाई निघणार होत्या. स्टँडवर गाठलं. त्या पिशव्यांकडे बघतच राहिल्या. माझा अजून त्यांच्यावर विश्वास नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मार्कांचं काय केलं तेही त्यांनी सांगितलेलं नाही. त्या दाढीवाल्या आजोबांचाही पत्ता लागलेला नाही. म्हणून कोऱ्या कागदावर पोच लिहून घेतली: एकतीस पुस्तकं, सुस्थितीत, परत करण्याच्या बोलीवर. सही केली त्यांनी. मग म्हणाल्या, “तुम्हाला एक विचारू, भाऊसाहेब?”

म्हटलं, “का ते सोडून काहीही विचारा.”

हसल्या. डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. ऊन असेल.

घरी आलो तर बिट्टी चाचणीसाठी पेन्सिलींना टोक करत बसलेली. तिच्या आईनं तिला समोर बसवून कपाटाचं माप नजरेनं कसं घ्यायचं ते दाखवलेलं, जमिनीवर खडूच्या रेघा. मी चप्पल काढतोय तोच तिनं विचारलं, “बाबा, माझ्या दाखल्यावर टिंब आहे?”

“सगळ्यांच्याच आहे.”

“हो, घड्याळ्याकाका म्हणाले. म्हणून तर विचारतेय. का?”

आता सांगायचं तर टिंबापासून सुरुवात करून चालणार नव्हतं. कपाटाच्या किल्लीपासून करावी लागणार होती. आडव्या र पासून. तिचा निबंध कुणी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्यावर कौतुक घेऊन कोण घरी आलं, तिथपासून. ऐकून ती माझ्याकडे पुन्हा कशी बघेल, ते मला माहीत नाही. खाली मान घालून आत निघून जाता आलं असतं. सवय होती.

पेन्सिल खाली ठेव, म्हटलं. बस इथे. सांगतो